वाणाची दुरुस्ती

सहदेवाच्या हातून पुन्हा एक कळी मोडली. गव्हाच्या दाण्याहून किंचित मोठी अशी ती मिरचीची कळी. ती चिमट्याने उघडावयाची, तिच्यातील पराग धरणारे केसर अलगद काढून टाकावयाचे आणि दुसऱ्या दिवशी निवडलेल्या नर-रोपाचा पराग लावण्यासाठी तिला कोरी ठेवावयाची, हे काम तो कित्येक हिवाळे करीत आला होता. परंतु चित्त थाऱ्यावर नसले म्हणजे सरावाचा हातही परक्यासारखा वागू लागतो. मोडलेली कळी त्याने मातीत टाकली, पायाने झाकली आणि कोणी पाहिले नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिले. शेडनेटच्या हिरवट उजेडात त्याच्याखेरीज दुसरे कोणीही नव्हते.

दुसरबीडच्या शिवारात मिरचीचे संकरित बियाणे करणारे पुष्कळ होते. परंतु सहदेवाचे नाव निराळ्या कारणाने घेतले जाई. त्याच्या प्लॉटात भेसळ सापडत नसे. रोपे फुलावर येण्यापूर्वी तो ओळीओळीने फिरे. एखाद्या रोपाचे पान वेगळ्या वळणाचे दिसले, एखाद्याच्या देठावर नको तो जांभळा रंग दिसला, की ते मुळासकट उपटून बांधापलीकडे टाकी. यालाच भेसळ काढणे म्हणतात. "दया केली की वाण गेला," असे तो कामावरच्या बायांना सांगत असे, आणि या वाक्याचा त्याला मनोमन अभिमानही होता.

त्या दिवशी त्याच्या मनात चाललेल्या घालमेलीला दोन कारणे होती. त्यांपैकी एक आनंदाचे होते आणि दुसरेही आनंदाचेच असावयास हवे होते.

सहदेवाची एकुलती एक मुलगी धम्मशीला हिला जन्मापासून सिकलसेलचा आजार होता. तिच्या रक्तातील पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकत, शिरांत अडकत, आणि मग गुडघे, पाठ, छाती यांत अशा कळा उठत की विशीतली ती पोर लहान लेकरासारखी आईच्या मांडीत तोंड खुपसून ओरडे. थंडीने कळा वाढत; हिवाळा आला की घरात कोणी मोठ्याने बोलत नसे, जणू थंडीला ऐकू जाईल. अशात गेल्या आठवड्यात शहरातील मोठ्या रुग्णालयातून फोन आला की नव्या उपचाराच्या चाचणीसाठी धम्मशीलाची निवड होऊ शकते. तिच्याच पेशी बाहेर काढून, त्यांच्यातील जनुकाची चूक प्रयोगशाळेत दुरुस्त करून, त्या परत तिच्या शरीरात सोडावयाच्या. अर्पिता नावाच्या डॉक्टरबाई या भागात तपासणी शिबिरासाठी येणार होत्या. त्या घरी येऊन सर्व समजावून सांगतील, असेही कळले. तो दिवस आजचा होता.

दुसरे कारण सहदेवाने कोणालाही सांगितले नव्हते. फोन आल्यावर त्याला धीर धरवला नाही. डॉक्टरबाईंच्या येण्याची वाट न पाहता तो परवा उंद्रीला गेला आणि दयारामच्या ओसरीवर बसून आपल्या मुलीच्या लग्नाचा शब्द देऊन आला.

दयारामचा मुलगा प्रसेनजित वीज खात्यात वायरमन होता. गेल्या वर्षी त्याचे आणि धम्मशीलाचे पाहणे झाले होते, दोघांनी एकमेकांना पसंतही केले होते. परंतु आता त्यांच्या समाजात हळदीआधी रक्त तपासण्याची रीत पडली आहे. तपासणीत निघाले की प्रसेनजितला स्वतःला काही त्रास नाही, मात्र त्या आजाराचा अर्धा वाटा त्याच्याही रक्तात आहे. अशा दोघांचे लग्न झाले तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला हाच आजार होण्याची निम्मी शक्यता. तेव्हा धम्मशीलाने स्वतःच नकार कळवला होता. तो मुलगा मात्र अद्याप दुसरी मुलगी पाहावयास तयार नव्हता. आता पोरीचा वाणच दुरुस्त होणार म्हटल्यावर अडचण उरली कोठे, असा सरळ हिशेब सहदेवाने केला होता. बियाण्याचे काम करणाऱ्या माणसाला तो हिशेब चुकीचा वाटण्याचे कारणही नव्हते.

"काऊन बे सहदेवा," शेडनेटच्या दाराशी आवाज आला, "मिरची तुले झोंबली का तू मिरचीले?"

शेजारच्या मळ्यातील उकंडराव होता. सहदेव नसता बोलला, परंतु आनंद पोटात मावेना.

"पोरीचा दवाखाना होऊन राह्यला," तो म्हणाला. "रक्तातली चूकच काढून टाकतात म्हणे. वाणच दुरुस्त!"

"अरे बापा!" उकंडराव दारातच उकिडवा बसला. "मंग माह्या नातवासाठी बी इचार ना. त्याले गणित येत नाही. तेवढं गणित भरून द्या म्हणा, आन जमलं तं रंग थोडा उजळ."

"हे बिमारीचं हाय गड्या. रंगाचं नाही."

"आज बिमारीचं हाय. उद्या रंगाचं होईन, परवा उंचीचं होईन. पाहजो तू. ज्याइले परवडन त्याइचे पोट्टे हायब्रीड, आन आपले गावरान!" उकंडराव आपल्याच बोलण्यावर खदखदून हसला, आणि मग उठता उठता सहज म्हणाला, "पन काय रे, हायब्रीडचं बी दुसऱ्या साली पेरलं तं काय उगवते, ते तं तुले माहीत हाय. एक झाड एकासारखं नसते. पोरीचं तसं नाही ना होनार?"

तो निघून गेला. सहदेव मात्र हातातील चिमटा तसाच धरून उभा राहिला. संकरित झाड पहिल्या वर्षी डौलदार असते. त्याचेच बी पुन्हा धरले तर कोणते आजोबा कोठून डोके वर काढतील याचा नेम नसतो. हे सत्य त्याने शेकडो शेतकऱ्यांना समजावून सांगितले होते. मग पोरीच्या बाबतीत ते त्याला कसे आठवले नाही? आणि दयारामला दिलेला शब्द? पुढची कळी धरण्याचे धैर्य त्याला झाले नाही. काम अर्धे टाकून तो घराकडे निघाला.

उन्हे कलली तेव्हा डॉक्टर अर्पिता आल्या. वयाने त्या तरुण होत्या, आवाज मऊ होता, आणि खुर्ची दिली असताही त्या धम्मशीलाच्या खाटेजवळ सतरंजीवर बसल्या. धम्मशीलाचा उजवा गुडघा सुजलेला होता. तिने त्यावर गरम पाण्याची पिशवी धरली होती. सहदेवाची पत्नी तानाबाई चहा करून दाराच्या चौकटीला टेकली. सहदेव बसला, उठला, खिडकी लावली, पुन्हा उघडली.

"बसा ना दादा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बसतो, बसतो. तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितले. पेशी कशा काढतात, त्या दुरुस्त होऊन येईपर्यंत किती महिने लागतात, आणि त्या परत देण्यापूर्वी हाडांतील जुन्या पेशी नष्ट करण्यासाठी फार कडक औषध द्यावे लागते, ज्याने केस जातात, तोंड सोलते, ताप येतो आणि कित्येक आठवडे एकटे राहावे लागते. उपचार नवा आहे, त्यात धोका आहे. ज्यांना लागू पडला त्यांच्या कळा थांबल्या आहेत, परंतु कायमचे वचन कोणालाही देता येत नाही. त्यांनी काहीही गोड करून सांगितले नाही. धम्मशीला एकेक प्रश्न विचारीत होती. ती कॉलेजात विज्ञान शिकत होती, आणि जे वर्गात चुकले ते तिने खाटेवर वाचून काढले होते.

सहदेवाच्या ओठांवर एकच प्रश्न होता. तो त्याने मध्येच टाकला.

"मॅडम, हे झाल्यावर तिचं बी शुद्ध होईन ना? म्हणजे तिच्या लेकराइले हे लागनार नाही ना?"

"नाही दादा, तसं होत नाही. आम्ही फक्त तिच्या रक्ताच्या पेशी बदलतो. तिच्या अंडपेशी आहेत तशाच राहतात. मुलांकडे जे जायचं ते जुनंच जाईल."

सहदेव खुर्चीवर बसला.

"बाबा," धम्मशीला हळूच म्हणाली, "फवारनी केली की झाड बरं होते. त्याच्या बियात फवारनी उतरते का? तसं हे."

"आणि आणखी एक आहे," डॉक्टरबाईंनी स्वर खाली आणला. "त्या कडक औषधानं मूल होण्याची शक्ती कमी होऊ शकते, कधी जातेही. हवं असेल तर आधीच अंडपेशी काढून गोठवून ठेवता येतात. तो निर्णय धम्मशीलाचा आहे, आणि तो उपचाराआधी घ्यावा लागेल."

"आधी काऊन नाही सांगतलं हे?" सहदेव उसळून उभा राहिला.

"तेच सांगायला तर आले आहे ना, दादा."

"आता सांगून काय उपेग? म्या तं शब्द देऊन बसलो!"

तानाबाईने हातातील कपबशी खाली ठेवली.

"कोनाले शब्द?" धम्मशीलाने विचारले.

सहदेवाने भिंतीकडे पाहत उत्तर दिले, "उंद्रीले. दयारामजीले. आता काई अडचन नाही म्हनलं म्या. पोरीतली भेसळ निंगून जाईन, म्हनलं, मंग वाण..."

शब्द तोंडातून गेला आणि मगच त्याला ऐकू आला. जिभेला कामाचे वळण असते. दिवसभर जो शब्द उच्चारावा तोच घरातही निसटतो. परंतु निसटलेला शब्द आणि सांडलेले तेल यांचे एकच, कितीही पुसले तरी डाग राहतो.

"भेसळ," धम्मशीला म्हणाली. तिने तो शब्द ओरडून नव्हे, तर तपासून पाहावा तसा उच्चारला. "त्याले मी सोता नाही म्हनलं होतं, बाबा. माह्यासारखं दुखनं मी पुढं पाठवनार नाही, म्हून. मले इचारलं असतं तुम्ही एक डाव."

"तुह्याच भल्यासाठी..."

"भल्यासाठीच. पन इचाराचं तं होतं."

माणूस कोंडीत सापडला की समोर दिसेल त्या दारावर धडक देतो. तसा तो डॉक्टरबाईंकडे वळला. "मंग बियानंच दुरुस्त करा ना! मूल पोटात येयाच्या आधीच करा. तुमाले सारं येते. येते का नाही?"

"प्रयोगशाळेत करून पाहता येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण माणसाचं मूल तसं जन्माला घालायला परवानगी नाही, आपल्याकडेही नाही. त्यात काही चुकलं तर ती चूक त्या मुलाच्या मुलांत, नातवंडांत जात राहते. आणि ज्याच्या शरीरात आपण हा बदल करतो, त्याला विचारायची सोय नसते."

"इचाराचं काय त्याच्यात? आमी रोज करतो. कोन्या झाडाले इचारतो?"

"झाड उपटता येते," धम्मशीला म्हणाली.

सहदेव वळला.

"तुमचं चुकलं तं तुम्ही झाड उपटून बांधावर फेकता, बाबा. म्हून तुमचा प्लॉट साफ असते. माणसाचं चुकलं तं काय करान? आन मी?" तिचा आवाज येथे प्रथमच कापला. "माह्या येळेस असं तपासाले आलं असतं, तं मले ठेवली असती का तुम्ही?"

"तोंड सांभाळ, शीले!" तानाबाई चौकटीतून पुढे आली. "काय बोलून राह्यली बापाले!"

"इचारून राह्यली, माय. दुसरं काई नाही."

सहदेवाने तोंड उघडले. "ठेवली असती" हे दोन शब्द बोलण्यास कितीसा वेळ लागतो? परंतु त्याला एक हिवाळा आठवला, ज्यात मुलगी चार वर्षांची होती, तिची बोटे सुजून आली होती, आणि तिला उराशी धरून रुग्णालयाच्या व्हरांड्यात फेऱ्या घालताना त्याच्या मनात विचार आला होता की ही जन्मलीच नसती तर किती बरे झाले असते. तिच्यासाठी बरे, की आपल्यासाठी, हे त्याने त्या वेळी स्वतःला विचारले नव्हते. आज विचारावे लागत होते. खोटे बोलावे तर ती ओळखील. खरे बोलावे तर ती आयुष्यभर विसरणार नाही. तो काहीच बोलला नाही. आणि न बोलणे हेही बोलणेच होते, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळले.

तानाबाईने मात्र गप्प राहण्याचे नाकारले. ती डॉक्टरबाईंसमोर जमिनीवर बसली. "बाई, मले वाणाचं आन बियाचं नका सांगू. हिचं दुखनं थांबन का? तेवढं सांगा."

"थांबण्याची चांगली आशा आहे. खात्री नाही."

"मंग आशाच सांगा. आतापरेंत तं तेही कोनी नव्हतं सांगतलं."

धम्मशीलाने आईचा हात धरला. तिने गुडघ्यावरील पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मॅडम, मले कराचं हाय हे. पन दुखनं थांबावं म्हून. मी खराब हाओ आन मले चांगलं कराचं, असं कोनी म्हनाचं नाही. आन त्या अंडपेशी ठेवाच्या."

"नक्की?"

"ठेवाच्या. पुढं मूल होऊ द्याचं का नाही, गर्भ तपासून घ्याचा का नाही, ते अजून मले समजलं नाही. तपासून निवडलं तं तेही एक प्रकारे उपटनंच झालं ना? का नाही? तुम्हाले काय वाटते?"

डॉक्टरबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले, "माझ्याकडे दोन घरं आली होती. एकानं तपासून घेतलं, एकानं नाही. दोघांनाही चूक म्हणायला माझी जीभ रेटली नाही."

"तं मंग माह्या बी जवळ थोडा वेळ राहू द्या. आज दार लावून टाकत नाही."

पुढील तपासणीची वेळ ठरवून डॉक्टरबाई गेल्या. त्यांची गाडी वळणाआड होते न होते तोच सहदेवाने खिशातून फोन काढला. तानाबाई म्हणाली, "उद्या करा. डोस्कं शांत होऊ द्या." परंतु ज्याच्या मनात निखारा पडला आहे त्याला उद्याचा दिवस फार लांब असतो. त्याने दयारामचा नंबर लावला, आणि मुलीच्या समोरच, तिच्या खाटेपाशी उभे राहून बोलावयाचे ठरवले. तिच्यामागे बोलून जे बिघडले ते तिच्यामागे निस्तरता येणार नव्हते.

"जय भीम! बोला व्याही," पलीकडून दयारामचा भरदार आवाज आला.

"जय भीम. व्याही म्हनू नका, दयारामजी. मले पुरं बोलू द्या आधी."

त्याने सांगितले. दुखणे जाण्याची आशा आहे, परंतु मुलांकडे जाणारे त्याने थांबणार नाही. मूल होईल की नाही हेही सांगता येत नाही. झाले तर धोका पूर्वीइतकाच. आणि पोरीला न विचारता आपण शब्द दिला होता. एका दमात एवढे खरे तो आयुष्यात कधी बोलला नसेल.

मग दयारामचा आवाज चढला. "मंग परवा काय बोलले होते? आमी भावकीत सांगून बसलो! पोराच्या आईनं आनंदानं शेजारी पेढे वाटले!"

"माह्यी चूक झाली. झाडाचं म्या मानसाले लावलं."

"असं कसं लावलं? एवढे शायने मानूस तुम्ही, आन..."

मागून कोणाचा तरी आवाज आला, थोडी ओढाताण झाल्यासारखे वाटले, आणि मग फोनवर तरुण स्वर ऐकू आला. "मामा, मी प्रसेनजित. मी ऐकलं सारं. बाबांचं मनावर नका घेऊ. शीला हाय का तिथी?"

"हाय. पन तब्येत..."

"तिनं मले नाही म्हनलं होतं. तिले आता काय वाटते, ते तुम्ही नका सांगू, मामा. तिले देता का फोन? तिले बोलाचं असन तं."

सहदेवाने मुलीकडे पाहिले. तिने सर्व ऐकले होते. त्याला वाटले, आधी आपण तिला काही समजावून सांगावे. काय बोलावे, काय बोलू नये, कोठे जपावे. वाक्ये ओठांपर्यंत आली. धम्मशीलाने हात पुढे केला. त्याने फोन तिच्या हातात ठेवला.

तो बाहेर आला. दार ओढून घेतले, मग थोडे उघडे ठेवले, मग पुन्हा ओढून घेतले. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. त्याने नकळत कान दिला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून तो पायऱ्या उतरला. रस्त्यापर्यंत चालत गेला, तेथून परतला, पुन्हा गेला. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणी जय भीम केला; त्याने उत्तर दिले की नाही, हेही त्याच्या ध्यानात राहिले नाही.

थोड्या वेळाने तानाबाई रिकामे कप घेऊन बाहेर आली. "आवं, काय ठरून राह्यलं आत?"

"आपल्याले नाही इचारलं त्याइनं," सहदेव म्हणाला, आणि पुन्हा रस्त्याकडे चालू लागला.